साठीनंतरचं गणित

(मार्च 1986 च्या दहावी तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी 2025 मध्ये केलेलं भाषण)



आयोजकांचा फोन आला, ‘तू हिशेबातला माणूस, पंधरा मिनिटं निवृत्तीच्या पैशांवर बोल.’ मी म्हटलं, अरे, जेवणाआधी हा विषय नको, लोकांना घास गिळायचा नाही. पण पत्रिकेत माझं नाव जेवणाआधीच छापलंय. तेव्हा थोडं सोसून घ्या.

आधी एक खुलासा. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात गेली तेहतीस वर्षं अकाउंट्सला आहे. गुंतवणूक सल्लागार नाही. अमुक फंड घ्या, तमुक पॉलिसी काढा, असं मी काही सांगणार नाही. मी फक्त आमच्या घरातला हिशेब सांगणार आहे. आणि तो पूर्ण जुळलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

समोर आपले गणिताचे सर बसलेत. तेव्हा हातात छडी होती, आता काठी आहे. धाक तेवढाच वाटतो. सर म्हणायचे, ‘उत्तराला एक मार्क, रीतीला चार. उत्तर येवो न येवो, पान कोरं ठेवायचं नाही.’ मी दहावीला गणितात पास झालो तो या चार-चार मार्कांवर. आज तेच करतो, रीत सांगतो.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करतो. ते साखर कारखान्यात होते. 1995 साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन नाही. ताईचं लग्न उरकून फंड आणि ग्रॅच्युइटीचे दोन लाख उरले, ते बँकेत मुदत ठेवीत टाकले. त्या वेळी बारा टक्के व्याज मिळत होतं. महिना दोन हजार. दादा खूश होते. म्हणायचे, ‘मुद्दल सुरक्षित, दोघांचं भागतंय.’ आणि खरंच भागत होतं.

2001 साली दादा गेले. आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. पुढे दोन-तीन वर्षांत ठेवींचे दर साडेपाच-सहा टक्क्यांवर आले. त्याच दोन लाखांवर आता महिना जेमतेम हजार रुपये, आणि किराणा मात्र पुढेच चाललेला. आई आमच्याकडे पुण्याला आली. त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली. एकवीस वर्षं! दादांच्या हिशेबात ही वर्षं नव्हतीच. त्यांनी हिशेब स्वतःच्या आयुष्याचा केला होता. तो बरोबर होता, पण त्यांच्यापुरता.

आम्ही आईला काही कमी केलं नाही, असं मी समजत होतो. ती गेल्यावर तिचा औषधाचा डबा आवरताना बीपीच्या अर्ध्या केलेल्या गोळ्या सापडल्या. नीट कागदात बांधलेल्या. स्ट्रिप दुप्पट दिवस पुरावी म्हणून. माझ्याकडे पैसे होते हो. तिला मागायचे नव्हते, एवढंच.

हे मनात राहिलं होतं, पण त्यावरून स्वतःचा हिशेब मांडायला मी आणखी दोन वर्षं घेतली. मागच्या वर्षी चोपन्नाचा झालो. मुलाने परदेशात एमएस करायचं काढलं. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, पीएफमधून वीस लाख काढू. बायकोला बोललो नव्हतो. काढण्याआधी सहज कागद घेतला, आणि बसलो.

पहिली रीत : खर्च. उत्पन्न नाही, खर्च. तीन महिने आम्ही रोजचा खर्च वहीत लिहिला. दूध, किराणा, गॅस, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, मोलकरीण, पेट्रोल, औषधं. महिन्याला एक्केचाळीस हजार आला. मुलाचा खर्च यात धरला नाही, तो थांबणार आहे. मी खूश. मग बायको म्हणाली, ‘अहो, वर्षातून एकदा येणारे कुठे आहेत?’ घरपट्टी, गाडीचा विमा, मेडिक्लेमचा हप्ता, दिवाळी, आहेर, गावची जत्रा, एखादी बिघडलेली वॉशिंग मशीन. वर्षाचे एक लाख आठ हजार निघाले, म्हणजे महिना नऊ हजार. एकूण पन्नास हजार.

दुसरी रीत : महागाई. बहात्तरला महागाईच्या दराने भागा, किती वर्षांत खर्च दुप्पट होतो ते येतं. सहा टक्के धरले तर बारा वर्षं. म्हणजे आज चोपन्नाव्या वर्षी पन्नास हजार लागतात, तर सहासष्टाव्या वर्षी एक लाख, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन लाख. राहणीमान तेच, तोच वरणभात.

तिसरी रीत : किती वर्षं? इथे आपण बहुतेक जण चुकतो. नवरा स्वतःचं वय धरतो. मी अठ्ठावन्नला निवृत्त होणार, चौऱ्याऐंशीपर्यंत धरू, सव्वीस वर्षं. पण बायको माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बायका साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त जगतात. तिचं नव्वदीपर्यंत धरलं तर चौतीस वर्षं होतात. आठ वर्षांचा फरक! ही आठ वर्षं म्हणजे माझी आई. मी पण तीच चूक करणार होतो.

आता गुणाकार. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं धरलं, तर हिशेब अगदी सोपा होतो : निवृत्तीच्या वेळचा वर्षाचा खर्च गुणिले वर्षं. मी निवृत्त होईन तेव्हा आजचे पन्नास हजार एकसष्ट हजारांवर गेलेले असतील. वर्षाला सव्वासात लाखांच्या वर. गुणिले चौतीस. अडीच कोटी.

आणि जमा? तोवरचा पीएफ अठ्ठेचाळीस लाख, ग्रॅच्युइटी दहा, पीपीएफ बावीस, ठेवी अठरा, म्युच्युअल फंड सत्तावीस. सव्वा कोटी. बरोबर निम्मे. शाळेत पन्नास टक्के म्हणजे पास. इथे नापास. आणि त्यातले वीस लाख मी मुलाला द्यायला निघालो होतो!

खरं सांगतो, आठ दिवस मी तो कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद मांडले, आणि स्वतःचा दाखवायची लाज वाटली. आठव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं, घाबरेल, नाहीतर रागावेल. तिने शांतपणे वाचला आणि विचारलं, ‘शेवटची आठ वर्षं मी एकटी आहे ना यात? मग हा हिशेब मला का नाही दाखवलात?’

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीपासून वही तिच्याकडे आहे.

मग दोघांनी मिळून तूट कमी करायला घेतली. एक : अठ्ठावन्नला नोकरी संपली की चार वर्षं मी दोन-तीन छोट्या वर्कशॉपची हिशेबाची कामं घेणार. घरखर्च त्यातून निघाला की गरज एकोणतीस लाखांनी कमी. दोन : मी गेल्यावर एकटीचा खर्च. तो निम्मा होत नाही हं. मेंटेनन्स, वीज, मोलकरीण तीच राहते. दोन तृतीयांश धरला. वीस लाख कमी झाले. तीन : 2009 मध्ये ‘गुंतवणूक’ म्हणून घेतलेला वन-रूम-किचन. नऊ हजार भाडं येतं, दरवर्षी रंग आणि कटकट. विकला तर कर जाऊन छत्तीस लाख हातात येतील. तो मुलासाठी ठेवायचा होता. विकायचं ठरलं. चार : ती विनाअनुदानित शाळेत शिकवते, पेन्शन नाही. तिचा पगार आणि माझी थोडी भर, असे महिना चाळीस हजार आतापासून बाजूला. साडेतीन वर्षांत सतरा लाख. पाच : माझी ईपीएस पेन्शन, महिना पाच हजारांच्या आसपास. ती महागाईबरोबर वाढत नाही, आणि माझ्यामागे तिला निम्मीच मिळेल, म्हणून तिची किंमत आठ लाखच धरली.

बेरीज-वजाबाकी करून पाहा. पंधरा लाखांची तूट राहतेच. ती आम्ही खोडली नाही. वहीत लाल शाईने तशीच लिहिली आहे. दर गुढीपाडव्याला वही उघडायची, आणि तो आकडा कुठे गेला ते पाहायचं.

मुलाचं काय? त्याला समोर बसवून वही दाखवली. मला वाटलं होतं तो खट्टू होईल. तो म्हणाला, ‘बाबा, हे आधी का नाही सांगितलं?’ घरात हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. आता त्याने शैक्षणिक कर्ज त्याच्या नावावर काढलंय, फेडणार तोच. जामीन मी आहे, ही जोखीम उरतेच, तीही वहीत लिहिली आहे. मुलाच्या शिक्षणाला बँक दारात उभी करते. बायकोच्या ब्याऐंशीव्या वर्षीच्या औषधाला कोण उभं करणार?

आता चार कामाच्या गोष्टी. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी बहुधा संपतो. स्वतःची पॉलिसी आताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्या 8.2 टक्के आहे, तीस लाखांवर तिमाहीला साडेएकसष्ट हजार, त्यावर कर लागतो. चांगली योजना आहे, पण सगळे पैसे तिथे टाकून सगळं व्याज खाल्लं तर माझ्या दादांचंच होईल. पहिल्या पाच-सात वर्षांचा खर्च अशा ठिकाणी ठेवा, उरलेल्यातला काही भाग वाढणाऱ्या गुंतवणुकीत राहू द्या. बँक बुडाली तर विमा एका बँकेत माणशी पाच लाखांचाच आहे, हे जादा अर्ध्या टक्क्याच्या मोहात विसरू नका. आणि फुकट सल्ला देणारा बहुतेक वेळा काहीतरी विकत असतो. सल्ला हवाच असेल तर सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला फी देऊन घ्या.

मुख्य गोष्ट कागदांची. खाती दोघांच्या नावावर ठेवा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. शेती करणाऱ्या मित्रांना निवृत्ती हा शब्दच नाही, मला माहीत आहे. पण सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची लक्ष्मीमुक्ती योजना आपल्याकडे 1992 पासून आहे. तलाठ्याकडे एक चक्कर मारा. राज्य सरकारी नोकरीत 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, ते नशीबवान. त्यांनीही आपल्यामागे जोडीदाराला किती मिळेल, तेवढा आकडा आज घरी सांगावा.

आपल्यातल्या काही मैत्रिणी आज एकट्याने आल्या आहेत. त्यातल्या एकीने सकाळी चहाच्या वेळी मला सांगितलं की नवरा गेल्यावर कुठल्या बँकेत काय आहे हे शोधण्यात तिचं दीड वर्ष गेलं. रडायलाही वेळ मिळाला नाही, म्हणाली. मी बाकी सगळं विसरलो असतो तरी चाललं असतं, हे वाक्य सांगण्यासाठी उभा राहायचं होतं.

तेव्हा मित्रांनो, घरी गेल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर तुमची नाही, दोघांपैकी जो जास्त जगेल असं वाटतं त्याची जन्मतारीख लिहा. तिथून मोजायला लागा. आकडा पाहून धसका बसेल, बसू द्या. आपण पंचावन्नचे आहोत, अजून पाच-सात वर्षं कमावायची आहेत. वही ड्रॉवरमध्ये मात्र ठेवू नका.

सर, माझं उत्तर पंधरा लाखांनी चुकलंय. पण या वेळी पान कोरं ठेवलेलं नाही. रीतीचे मार्क तेवढे द्या.

चला, जेवणं थंड होतील.