शिधा तोलावा कीं शिजलेलें अन्न?



हल्लीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुष्कळ घरांत अन्न तोलून खाण्याची वहिवाट पडूं लागली आहे. आहाराच्या कागदावर 'तांदूळ ५० ग्रॅम' असें लिहिलेलें असतें, आणि घरांतील मंडळी तोलतात ताटांतला भात! वस्तु एकच खरी. पण शिधा व शिजलेलें अन्न यांचें वजन एक नव्हे.

याचें कारण पाणी. शिजतांना तांदूळ आपल्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट पाणी शोषून घेतो. पाण्यांत उष्मांक नाहींत. म्हणून १०० ग्रॅम कोरड्या तांदुळांत सुमारें ३५० उष्मांक, तर तितक्याच भातांत अवघे १३० च्या आसपास. मांसाची गोष्ट उलट. भाजतांना त्यांतलें पाणी उडतें व वजन घटतें.

ही केवळ आंकड्यांची करमणूक नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला ५० ग्रॅम तांदुळाऐवजीं ५० ग्रॅमच भात वाढला, तर अन्न तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पोंचलें आणि औषध मात्र पुरतें! अशा वेळीं रक्तांतील साखर उतरून घाम, कंप, भोवळ येण्याचा धोका असतो.

मग तोलावें काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांतील आंकडे मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत. शिवाय मऊ भात आणि मोकळा भात यांत पाणी सारखें नसतें. म्हणून शिधा तोलणें हेंच अधिक भरंवशाचें.

परंतु भात तर सर्वांचा एकाच पातेल्यांत शिजतो! येथें शाळेंतलें त्रैराशिक कामास येतें. समजा, २०० ग्रॅम तांदूळ घेतले. त्यांचे उष्मांक ७००. रिकाम्या पातेल्याचें वजन वजा जातां भात भरला ५६० ग्रॅम. त्यांतला १४० ग्रॅम आपण घेतला, म्हणजे चौथा हिस्सा. तांदूळ झाले ५० ग्रॅम, उष्मांक १७५. हाच भात कोरड्या तांदुळाच्या आंकड्यानें मोजला असतां ४९० उष्मांक दिसले असते!

फोडणीचें तेलही कढईंत पडण्यापूर्वींच मोजावें. त्याच्या एका ग्रॅमांत ९ उष्मांक असतात.

आणि डॉक्टरांनीं वजन लिहून दिलें, कीं तेथेंच विचारावें, 'हें कच्च्याचें कीं शिजलेल्याचें?' तो एक शब्द कागदावर लिहवून घ्यावा, तराजू त्यानंतर.