तुटवडा नर्सचा नाही



मला विषय दिलाय 'नर्सेसचा तुटवडा'. मी नाईट करून सरळ इथं आलेय, डोळे चुरचुरताहेत, म्हणून सरळच बोलते. तुटवडा नर्सचा नाही. पदांचा आहे, पगाराचा आहे.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप असं : शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या इस्पितळात ३ पेशंटमागे १ नर्स, साध्या इस्पितळात ५ मागे १. काल रात्री आमच्या वॉर्डात ४० पेशंट आणि आम्ही दोघी. एखाद्याला धाप लागली की बाकीचे वाऱ्यावर. आणि सकाळी नातेवाईक गचांडी कुणाची धरणार? साहेबाची नाही.

माझी पहिली नोकरी खाजगीत. मालकानं माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात घातली न् कुलूप लावलं. दोन वर्षांचा बाँड. सोडायचं तर पैसे भर. बापानं कर्ज काढून जीएनएम केलेलं, पैसे कुठले? गावकीच्या वेठीला निदान कागद नव्हता. इथं कागद होता, त्यावर सही माझीच.

२०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेली समिती म्हणाली, ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नका. शिफारस हो, नुसती शिफारस! केरळच्या पोरींनी २०१७ मध्ये संप केले, तेव्हा कुठं २०१८ ला तिथल्या सरकारनं किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडंही मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध सरकारी नर्सेस संपावर गेल्या. तेव्हा आपली चळवळ कुठं होती? मी विचारतेय.

हे काम स्वस्त का, ते तुम्हाला सांगायला नको. नाडी बघणारा देव. गू-मूत, पू-रक्त काढणारी बाई हलकी. पण आम्ही सिस्टरही धुतल्या तांदळाच्या नाही. बेडपॅन आम्ही मावशीवर ढकलतो, मावशी सफाईवाल्यावर. बाबासाहेबांनी सांगितलेली उतरंड बघायची तर वॉर्डात या. सफाईवाला कोण असतो, हे नाव न विचारताच कळतं. आणि युनियनच्या मीटिंगला त्याला आम्ही बोलवत नाही.

तर एक काम करा. आपापल्या वस्तीजवळच्या नर्सिंग होममधल्या मुलींना विचारा, तुमची सर्टिफिकेटं कुणाच्या कपाटात आहेत? यादी करा. मग कपाटापर्यंत आपण सगळे मिळून जाऊ.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या एका राज्याला कुशल माणसं पुरवायचा करार केला, त्यात नर्सेसही. माझी पार्टनर जर्मन शिकतेय. तिला मी दोष देत नाही. फॉर्म माझ्याही पर्समध्ये आहे, अजून भरलेला नाही.

निघते. आज परत नाईट आहे.