जुने कुरण आणि नवे बियाणे

इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंड या देशांत मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यापुढे काही वर्षांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो. वाडवडिलांच्या काळापासून हिरवे राहिलेले कुरण नांगरून त्यात सुधारलेल्या गवताचे नवे बी पेरावे, की आहे तेच राखावे? नांगर चालला की अनेक पिढ्यांचे गवत एका सकाळी पालथे होते. बियाणे, चुना, खत आणि मशागत यांचा खर्च आधी करावा लागतो. त्याचा मोबदला मात्र जनावर वाढून विकले जाईपर्यंत हाती येत नाही. गवळ्याला वाढलेल्या चाऱ्याचे मोल दुधाच्या रूपाने रोज मिळते; मांसासाठी गुरे पाळणाऱ्याला त्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. म्हणूनच हा निर्णय हौसेवर सोपवून चालत नाही.

नव्या पेरणीची बाजू दुबळी नाही. तिचा थोर पुरस्कर्ता म्हणजे जॉर्ज स्टेपल्डन. वेल्समधील अबेरिस्टविथ येथे १९१९ साली वनस्पतिसंवर्धन केंद्र निघाले आणि स्टेपल्डन त्याचे पहिले संचालक झाले. सकस, पानेदार आणि टिकाऊ गवतांचे वाण तेथे निवडीने तयार झाले. १९३९ मध्ये, युद्धाची चाहूल लागताच, ब्रिटिश सरकारने जुनी कुरणे नांगरण्यासाठी एकरी दोन पौंड अनुदान जाहीर केले आणि स्टेपल्डनचा विचार राष्ट्रीय धोरणाचा भाग झाला. सुधारलेले रायगवत वसंतात लवकर फुटते, खताला चांगला प्रतिसाद देते आणि गुरांना पचायलाही सोपे जाते. त्याच्या जोडीला पांढरा क्लोव्हर पेरला, तर ही शेंगवर्गीय वनस्पती हवेतील नत्र जमिनीत साठवते आणि खताच्या खर्चाचा काही भार हलका करते.

मग सारीच जुनी कुरणे नांगरावीत काय? या प्रश्नाचा विचार करताना इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील एका प्रयोगाकडे वळावे लागते. लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने १८५६ साली एका जुन्या गवती शेताचे तुकडे पाडले. काहींना खत दिले नाही, काहींना अमोनियम सल्फेट दिले, काहींना स्फुरद आणि पालाश दिले. नवे बी कोठेही पेरले नाही. तरीही थोड्याच वर्षांत शेजारशेजारचे तुकडे ओळखू येईनासे झाले. बिनखताच्या तुकड्यांत अनेक जातींची गवते व फुलझाडे टिकली. नत्र वगळून स्फुरद व पालाश मिळालेल्या तुकड्यांत शेंगवर्गीय वनस्पती फोफावल्या. वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाल्याने जेथे जमीन आंबट झाली आणि चुना मिळाला नाही, तेथे दोन-तीन जातीच उरल्या. पुढे १९३० नंतरच्या दशकात मार्टिन जोन्स या संशोधकाने दाखविले, की केवळ चराईची वेळ आणि ताण बदलूनही कुरणाचे रूप पालटते. तात्पर्य असे, की कुरणात कोणते गवत राहील हे बियाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, माती आणि गुरांचे तोंड ठरविते. आंबट, पाणथळ आणि अतिचराईने थकलेल्या जमिनीत पेरलेले उत्तम रायगवत काही वर्षांत मागे हटते आणि पूर्वीचेच निकस गवत परत येते. जे दोष जुन्या कुरणाला लागले, तेच नव्यालाही लागतात.

आता हिशेब पाहावा. समजा, एक हेक्टर जुन्या कुरणात वर्षाला सहा टन गवत निघते. हे वजन पाणी वगळून धरले आहे. गुरे सर्व हंगामभर मोकळी सोडली, तर त्यातील जवळजवळ निम्मे तुडविले जाते, शेणाने खराब होते किंवा जून होऊन वाया जाते. म्हणजे पोटात जाते ते तीन टन. कुरण नांगरून नव्या बियाण्याने नऊ टन गवत काढले, पण चराईची रीत तीच ठेवली, तर पोटात जातात साडेचार टन. याउलट जुने कुरण तसेच ठेवून कुंपणाने त्याचे तुकडे पाडले, गुरे आळीपाळीने फिरविली आणि पाऊण हिस्सा गवत खाल्ले गेले, तर सहा टनांचेही साडेचारच टन होतात. पाचशे किलो वजनाचे जनावर दिवसाला दहा-बारा किलो असा चारा खाते. सहा महिन्यांत सुमारे दोन टन. वाढलेला दीड टन चारा म्हणजे पाऊण जनावराची जादा सोय. ती दोन्ही मार्गांनी सारखीच होते. खर्चात मात्र मोठे अंतर आहे. शिवाय वाढलेले गवत खाणारी गुरे जर वाढविली नाहीत, तर ते पिवळे पडून शेतातच उभे राहते.

यावरून नवी पेरणी व्यर्थ ठरते, असे मात्र नाही. जेथे चांगले गवत जवळजवळ संपले आहे, गवताऐवजी तणच माजले आहे, आणि चुना, निचरा व चराईची शिस्त यांनीही दोन-तीन हंगामांत फरक पडत नाही, तेथे पेरणी लाभते. तीही मातीची तपासणी करून, आधी चुना देऊन, एका वर्षी एकच शेत घेऊन करावी. म्हणजे उरलेल्या शेतांवर गुरे पोसली जातात आणि एखादा हंगाम बिघडला तरी सारे गोत्यात येत नाही. जेथे केवळ क्लोव्हर उणा आहे, तेथे आखूड चरलेल्या कुरणावर त्याचे बी वरून टाकून पाहता येते. त्यासाठी नांगराची गरज नसते.

आणखी एक जमाखर्च शेतकऱ्याच्या वहीत बसत नाही. इंग्लंड आणि वेल्स येथील सखल भागांतील नैसर्गिक, फुलांनी भरलेल्या गवताळ भूमीपैकी सुमारे ९७ टक्के १९३२ ते १९८४ या काळात नाहीशी झाली. अशी भूमी एकदा मोडली, की बियाण्याच्या पिशवीतून ती परत येत नाही.

आपल्याकडील हवामान निराळे, गवते निराळी. त्यामुळे तिकडची बियाणे येथे उपयोगी पडतील असे मानू नये. परंतु तत्त्व ओळखीचे आहे. दख्खनच्या माळावर चराईचा ताण वाढला, की पवन्या आणि मारवेल मागे पडतात आणि कुसळी माजते. झाशी येथे १९६२ पासून कुरणे व चारा यांच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था काम करीत आहे. तिच्याकडून चांगले बी मिळेल. पण पेरल्यानंतर त्या माळाला विसावा देण्याचे काम गावालाच करावे लागेल.

तेव्हा कुरण बिघडले असे वाटले, की प्रथम फावड्याने माती उकरून पाहावी, मग गुरे कोठे आणि किती दिवस चरतात ते पाहावे. बियाण्याच्या दुकानाची पायरी त्यानंतर चढावी.