चाकर आणि मित्र



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझ्याजवळ पदवी नाही. दहावी झालो आणि लेथवर उभा राहिलो. पुढे जे काही वाचले ते दुसऱ्या पाळीहून घरी परतल्यावर, मुले निजल्यावर वाचले. त्यामुळे माझ्या वाचनाला ना क्रम आहे ना शिस्त. चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने मैत्री, शील आणि चांगले जगणे’. मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती, धंद्याने कामगार संघटनेचा कार्यकर्ता. उपदेशाचा अधिकार आमच्या पाळकसाहेबांचा. तो मी हिरावून घेणार नाही. तेव्हा एवढा मोठा विषय पेलण्यापेक्षा, आमच्या शास्त्रातले एकच वाक्य माझ्या पाठीमागे अनेक वर्षे लागलेले आहे, त्याच्याविषयीच बोलतो.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या रात्रीच्या भोजनाची हकीकत आहे. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ. येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. पाय धुणे हे त्या काळी घरातल्या अगदी खालच्या चाकराचे काम. पेत्राला ते सोसत नाही. तो पाय मागे घेतो. मग बोलणे सुरू होते, आणि त्या बोलण्यात येशू शिष्यांना सांगतो की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, मित्र म्हणणार. आता याचे कारण काय? मित्रासाठी जीव देण्याची गोष्ट तिथेच, दोन ओळी आधी आलेली आहे, आणि प्रवचने बहुधा तिच्यावरच होतात. परंतु दास आणि मित्र यांतला फरक सांगताना तो कारण देतो ते निराळेच. धनी काय करीत आहे हे दासाला ठाऊक नसते. तुम्हांला मात्र, पित्याकडून मी जे जे ऐकले ते सगळे सांगितले आहे. म्हणून तुम्ही मित्र.

सभ्य गृहस्थहो, हे वाक्य कारखान्यात काम केलेल्या माणसाला जसे लागते तसे इतरांना लागत असेल की नाही, मला शंका आहे. धनी काय करतो हे ठाऊक नसणे म्हणजे काय, ते आम्ही जाणतो. एका कारखान्याचे नाव घेत नाही. तिथे खंडेनवमीला यंत्रांना हार घालून मालक दरवर्षी भाषण करीत, की आपण सगळे एक कुटुंब आहोत. पेढे वाटीत, आणि पेढे चांगले असत. एका वर्षी पेढे वाटून तीन महिने झाले नाहीत तोच रविवारी रात्री ट्रक लागले आणि अर्धी यंत्रे दुसऱ्या राज्यात गेली. सोमवारी पहिल्या पाळीचा माणूस आत गेला तर फरशीवर नुसती तेलाची वर्तुळे. मालक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. कोणाच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी उचल नाकारल्याचे मला आठवत नाही. प्रेम होते, नव्हते ते सांगणे. आणि म्हणून इतक्या वर्षांच्या सहवासात मैत्री झाली नव्हती, चाकरीच होती.

घरातही हेच आहे. पगार किती आणि कर्ज किती हे बायकोला ठाऊक नाही, अशी घरे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. संप लांबला की ती आधी कोसळतात. ज्या घरात बाईला सारा हिशेब ठाऊक असतो तिथे तीच उलट म्हणते, अजून एक महिना निभेल, डगमगू नका. शील शील म्हणून जे म्हणतात ते काही फार उंच शिखरावर ठेवलेले नसावे. आपण काय करीत आहोत हे आपल्या माणसांना सांगता येईल असे करणे, आणि मग ते खरोखर सांगणे, एवढ्यात त्याचा बराचसा भाग येतो असे मला वाटते.

आता तुम्ही म्हणाल, सांगितल्याने वाद होतात. होतात तर! दीनबंधू अँड्र्यूज यांचे उदाहरण घ्या. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज 1904 साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. दोन वर्षांनी तिथले प्राचार्यपद रिकामे झाले. इंग्रज माणसानेच त्या खुर्चीवर बसावे अशी तेव्हाची रीत. अँड्र्यूज हट्टाने म्हणाले की माझ्याहून अनुभवी असे सुशीलकुमार रुद्र इथे आहेत, त्यांनाच नेमा. रुद्र पहिले हिंदी प्राचार्य झाले, आणि दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. जानेवारी 1914 मध्ये अँड्र्यूज दरबानच्या धक्क्यावर उतरले, गांधी कोण म्हणून विचारले, आणि मुंडन केलेल्या, साध्या पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गृहस्थांच्या पाया पडले. तिथल्या गोऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. पुढे फिजी बेटांत जाऊन गिरमिट्या मजुरांची दैना त्यांनी जगापुढे मांडली; आम्ही कामगार चळवळीतली माणसे त्यांना आपले मानतो ते त्यामुळे. गांधीजींना ते ‘मोहन’ म्हणत, गांधीजी त्यांना ‘चार्ली’.

ही सलगी सर्वांना माहीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते 1921 साल. 31 जुलैला मुंबईत परळला विदेशी कापडाची मोठी होळी झाली. अँड्र्यूजना ते सहन झाले नाही. माणसांनी आपल्या हातांनी केलेले उत्तम वस्त्र जाळणे ही त्यांना हिंसाच वाटली, आणि तसे त्यांनी गांधीजींना स्वच्छ लिहिले. गांधीजींनी काय केले? ते पत्र आपल्याच ‘यंग इंडिया’त छापले आणि खाली आपले उत्तर दिले. मत बदलले नाही. अँड्र्यूजनीही बदलले नाही. लढ्याच्या ऐन भरात, आपल्याच पत्रात, आपल्या विरुद्धचे मित्राचे म्हणणे! आमच्या संघटनांच्या मुखपत्रांत असे पत्र छापून आलेले मी अजून पाहिले नाही. अँड्र्यूज 5 एप्रिल 1940 रोजी कलकत्त्यास वारले, तोवर या मैत्रीला तडा गेला नाही.

आपल्या इकडचे म्हणाल तर काका बॅप्टिस्टा होतेच. माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर, आणि लोकमान्य टिळकांचे जिवलग. कोण कुठला चित्पावन ब्राह्मण, आणि कोण हा प्रार्थनेला देवळात जाणारा जोसेफ! (आम्ही ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतो.) ऑक्टोबर 1920 मध्ये मुंबईस आयटकची स्थापना झाली तेव्हा काका पुढाकाराने होते, आणि 1925 साली ते मुंबईचे महापौर झाले. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावयास हवे; चिटणीसांनी पुढील वर्षासाठी नोंद करावी.

आता माझ्या अडचणीच्या जागेकडे वळतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. धनी पहाटे मजूर लावतो, दिवसाचा एक दीनार ठरवून. नऊला आणखी लावतो, बाराला, तीनला; आणि शेवटी पाच वाजता चौकात अजून काही जण उभे दिसतात. दिवसभर रिकामे का उभे, असे विचारतो, तर ते सांगतात की आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. आपल्या गावच्या मजूर अड्ड्यावर सकाळी दहानंतर जाऊन पाहा, हेच उत्तर मिळेल. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटच्यापासून सुरुवात होते आणि सर्वांना सारखाच एक दीनार मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. रस्किनच्या ‘अनटू धिस लास्ट’ या पुस्तकाचे नाव याच दाखल्यातले. पोलाक नावाच्या मित्राने 1904 साली जोहान्सबर्गच्या स्टेशनावर ते गांधीजींच्या हाती ठेवले, आणि ते वाचून त्यांचे आयुष्य पालटले.

मोठ्या माणसांचे ठीक आहे. मी मात्र कित्येक वर्षे त्या कुरकुरणाऱ्यांच्या बाजूने होतो, आणि अजून अर्धा आहे. बारा तास उन्हात राबलेल्याला काही अधिक नको? त्याची तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी आला असता तर मी ती लिहून घेतली असती. पण मग आमच्या इथे एका कराराची वेळ आली. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा 1970 साली झाला, तरी कंत्राटी पद्धत वाढतच गेली हे तुम्ही जाणता. त्या कारखान्यात कायम कामगारांच्या शेजारी, त्याच यंत्रांवर, कंत्राटी मुले उभी असत. व्यवस्थापनाने मला एकट्याला बोलावून सांगितले, मुलांचा विषय मागणीपत्रातून काढा, कायमांना दरमहा बरीच जास्त वाढ देतो. हे बोलणे खोलीतच राहू द्या, अशीही विनंती होती.

मी ते त्याच संध्याकाळी गेट मीटिंगमध्ये आकड्यांसकट सांगितले. चार दिवस गेटवर दुसरा विषय नव्हता. ज्यांची निवृत्ती दोन वर्षांवर होती, ज्यांच्या मुली लग्नाच्या होत्या, त्यांनी मला विचारले की आमच्या बावीस वर्षांना काही किंमत आहे की नाही. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पहाटेपासून उन्हात उभे राहिलेले तेच होते. मतदान झाले, आणि थोडक्या मतांनी मुलांना बरोबर घ्यायचे ठरले. वाढ कमी मिळाली. बरीचशी मुले कायम झाली, सगळी नाही. विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी दोघे आजही रस्त्यात भेटले तर मान फिरवितात. त्यांपैकी एकाबरोबर मी अकरा वर्षे एका डब्यातले जेवलो आहे.

त्या दाखल्यातला धनी कुरकुरणाऱ्याला काय म्हणून हाक मारतो, ठाऊक आहे? आपल्या मराठी बायबलात शब्द आहे ‘गड्या’. भाषांतरकाराला मी मनोमन रामराम करतो. गडी म्हणजे शेतावर राबणारा, आणि गडी म्हणजे खेळातला सवंगडीही. चाकर आणि मित्र दोन्ही एकाच शब्दात. तुम्ही कोणता व्हायचे ते अजून ठरायचे आहे! म्हणून रस्त्यात मान फिरविणाऱ्या त्या सोबत्याला मी अजून नावाने हाक मारतो. ओ देत नाही.

त्याच शुभवर्तमानात हा शब्द पुन्हा एकदा येतो, तो शेवटच्या रात्री. बागेत अंधारात यहूदा शिपाई घेऊन येतो, चुंबन घेतो, आणि येशू त्याला म्हणतो ‘गड्या’. योहान आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आमच्या लोकांचे कान टवकारतात. शिष्यांची सामायिक थैली असे, आणि ती या यहूदाजवळ असे. म्हणजे खजिनदार तोच. आणि तो थैलीतले पैसे काढी. ज्याने सगळे सांगितले, त्याच्याच पंगतीला न सांगणारा माणूस बसत होता.

युनियनच्या एका बैठकीत मी हे बोललो तेव्हा मागे बसलेला एक जुना फिटर, वारीला नेमाने जाणारा माणूस, उठून म्हणाला, “दादा, त्यांना ठाऊक होतं, तर मग थैली त्याच्याचकडे का ठेवली?” मला उत्तर देता आले नाही. आमच्या पाळकसाहेबांनाही नंतर विचारले. ते हसले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी या. त्या दिवशी बैठकीत नवा खजिनदार निवडावयाचा होता. तो निवडला गेला. दर महिन्याचा जमाखर्च गेटवरच्या फळ्यावर लावावा असा ठराव झाला, आणि पावतीपुस्तके तपासायला दोन माणसे नेमली गेली. त्यांतला एक तो फिटर होता. चष्मा विसरलो म्हणून पहिल्या महिन्यात त्याने ती पुस्तके माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत.