सावकाश लिहिणाऱ्यांची बाजू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विषयाची निवड चिटणीसांनी आमच्यावरच सोपविली, तेव्हा ज्याचा आम्हांस दीर्घ अनुभव आहे असा एकच विषय डोळ्यांपुढे उभा राहिला. तो म्हणजे सावकाश लिहिणे. स्मरणिकेसाठी लेख मागावयास येणारी मंडळी दर वर्षी 'झाला का?' असे विचारतात आणि 'लिहितो आहे' एवढेच उत्तर घेऊन परत जातात. पुष्कळांस ही पळवाट वाटते. ती तशी नाही, एवढे सांगण्यापुरता आपला वेळ घेत आहोत.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आळशी मनुष्य लिहावयास बसतच नाही. सावकाश लिहिणारा रोज बसतो, परंतु उठताना त्याच्या पदरी दोनच ओळी असतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांचेही कागद कोरेच दिसतात, म्हणून दोघांनाही एकच दूषण मिळते. दुःखाची गोष्ट अशी की, कालांतराने सावकाश लिहिणारा स्वतःही हा भेद विसरतो, आपल्या अंगी प्रतिभाच नाही असा ग्रह करून घेतो आणि लेखणी ठेवून देतो. आपल्या कितीतरी घरांतून ट्रंकेच्या तळाशी अशा अर्ध्या लिहिलेल्या वह्या पडून असतील. त्यांत आमच्या भगिनींच्या वह्या अधिक असाव्यात, असा आमचा तर्क आहे. आजचे बोलणे मुख्यतः त्या वह्यांच्या धनिणींसाठी व धन्यांसाठी आहे.

हा वेळ जातो तरी कोठे? एक साधे उदाहरण देतो. मागे स्मरणिकेच्या श्रद्धांजलीच्या पानासाठी एका वृद्ध सभासद बाईंविषयी चार ओळी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. चार ओळींस कितीसा वेळ लागणार? पहिल्याच शब्दाशी अडलो. बाई 'निवर्तल्या' म्हणावे तर ती जाहिरातीची भाषा; 'कैलासवासी झाल्या' हे पत्रिकेवर शोभणारे; 'वारल्या' हा शब्द सरळ खरा, पण छापल्यावर कोरडा वाटणारा. घरची माणसे नुसते 'आई गेली' असे म्हणत होती. शेवटी तोच शब्द ठेवला. पुढचे वाक्य तर आयतेच तयार होते: 'त्या अत्यंत प्रेमळ व परोपकारी होत्या.' हे वाक्य खोटे नव्हते. परंतु त्याच पानावरील दुसऱ्या कोणाच्याही नावाखाली ते तितकेच खरे ठरले असते, आणि म्हणूनच ते बाईंविषयी काहीही सांगत नव्हते. आम्ही त्यांना पाहिलेले नव्हते. त्यांच्या दोन खोल्यांत राहून शिकून गेलेल्या चौघांकडे चौकशी केली. पाचव्या दिवशी असे लिहिले गेले: 'जेवणाच्या वेळी आलेल्याला त्यांनी कधी "जेवलास का?" असे विचारले नाही, सरळ पान वाढले.' अंक निघाल्यावर त्यांच्या कन्येने आम्हांस विचारले, "आपण आमच्याकडे कधी जेवला होता?"

पाच दिवसांत चार ओळी, हा हिशेब कोणत्याही पेढीवर तोट्याचाच धरला जाईल. तथापि ज्या माउलींनी जात्यावर दळले आहे त्यांस ठाऊक आहे की, जात्यात मोठा घास टाकला म्हणजे दळण लवकर संपते खरे, पण पीठ जाडेभरडे निघते. प्रत्येक जात्याचा घास निराळा. आपल्या जात्याचा घास केवढा, हे ओळखणे हीच आमच्या मते लेखनाची पहिली पायरी होय.

मोठ्यांची उदाहरणे पाहू. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनाच्या निमित्ताने धर्मशास्त्राच्या इतिहासाविषयी प्रास्ताविक लिहावे, असे त्यांनी मनात आणले. व्यवहारमयूख १९२६ साली निघाला. परंतु ते प्रास्ताविक काही प्रास्ताविक राहिले नाही. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली आणि पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रंथकर्ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा हा इंग्रजी ग्रंथ पाहून छाती दडपते. पण १९२६ पासूनची छत्तीस वर्षे धरून भागाकार केला, तर रोजचे जेमतेम अर्धे पान येते! अर्धे पान लिहून उठणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणतो, ते येथे सांगत नाही.

कोणी म्हणेल, ते संशोधन, कवितेचे काय? अरुण कोलटकर यांचा 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह १९७७ साली आला. त्यानंतर त्यांची मराठी पुस्तके निघाली ती २००३-०४ साली. म्हणजे मध्ये पाव शतक गेले, आणि २००४ मध्येच ते निवर्तले. मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते, लिहीत होतेच. तेव्हा ही लेखनाची सावकाशी की प्रकाशनाची, असा वाद कोणी घालू शकेल. आमचे म्हणणे इतकेच की, 'पुढचे पुस्तक केव्हा?' या प्रश्नाचे ओझे पंचवीस वर्षे वागविण्यासही एक प्रकारचे बळ लागते.

याचा अर्थ जलद लिहिणारे हलके, असा कोणी करू नये. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. आठवड्याचा अंक कोणासाठी थांबत नाही. त्या रेट्याने त्यांच्याकडून लिहून घेतले, आणि काय लिहून घेतले! त्यांचे जाते मोठे होते. आमच्यासारख्याने त्यांचा घास आपल्या जात्यात घालू नये, एवढेच.

सावकाशीची किंमतही द्यावी लागते, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्याच्या आठवणी टिपावयाच्या तो वृद्ध लेखकासाठी थांबत नाही. ज्याला वाचून दाखवावयाचे तो वाचक कधी कधी आधीच जातो. म्हणून आमचा स्वतःचा नियम असा की, टिपून घेण्यात उशीर करावयाचा नाही. उशीर काय तो रचनेत. आठवण ऐकताक्षणी, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत उतरवावी. मग वाक्याला महिना लागो की वर्ष लागो.

आता तर क्षणार्धात निबंध रचून देणारी यंत्रे घरोघर, नव्हे, खिशाखिशांत आली आहेत. आपली मुले विचारतात, 'मग आम्ही कशाला अडून बसावे?' त्यांना आमचे उत्तर असे: 'प्रेमळ व परोपकारी' हे वाक्य यंत्र अवश्य देईल, पण पान वाढणारी बाई त्याला चौकशी केल्यावाचून कोठून ठाऊक असणार? ती चौकशी कोणीतरी जिना चढून, दार ठोठावून केली पाहिजे. तेव्हा एखादी मुलगी वहीपुढे तासभर बसून दोनच ओळी लिहून उठली, तर शेजारच्या मुलाने चार पाने लिहिली हे तिला ऐकवू नका. त्या दोन ओळी तेवढ्या वाचून पाहा.

एक विनंती संपादक मंडळास. स्मरणिकेचे विषय भाद्रपदात कळविले जातात व लेख दसऱ्यास मागितले जातात. ते विषय चैत्रातच कळवावेत. जलद लिहिणाऱ्यांचे त्यात काहीच बिघडणार नाही आणि आमच्यासारख्यांना सहा महिने मिळतील. चिटणीसांनी आताच मान हालविली आहे. ती होकाराची होती असे आम्ही धरून चालतो.