पायांचें शिक्षण



धावण्याकरितां जाड तळाचे जोडे घ्यावेत कीं पातळ तळाचे, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत निघतो. मुलगा दुकानांतून पातळ, लवचिक जोडा घेऊन येतो आणि वडील म्हणतात, "एवढे पैसे देऊन अनवाणीच धावावयाचें, तर जोडा हवा कशाला?" या वादांत खरें किती, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम पायाकडे पाहूं. आपल्या एका पावलांत २६ हाडें असून तीं कमानीसारखीं रचलेलीं आहेत. पाऊल टेकतांच ही कमान किंचित् दबते व उचलतांना पुनः उसळी घेते. तिच्या मदतीला पोटरी आणि टाचेमागील जाड शीर असते. जाड गादीचे जोडे १९७० नंतर सर्वत्र पसरले आणि टाच आधीं टेकवून धावणें सोयीचें झालें. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन यांनीं २०१० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत असें दाखविलें कीं, लहानपणापासून अनवाणी धावणारे पुष्कळ लोक चवड्यावर उतरतात, व त्यामुळें त्यांना जमिनीचा पहिला धक्का फार कमी बसतो. परंतु २०१३ सालीं उत्तर केनियांतील दासानाच लोकांची पाहणी झाली, तेव्हां तेहि अनवाणीच. पण बेताच्या वेगानें धावतांना बहुतेक टाचेवरच उतरतांना दिसले. तेव्हां निसर्गाचा यांत एकच एक नियम आहे, असें समजूं नये.

अनवाणी धावण्याची थोरवी सांगतांना इथिओपियाचे अबेबे बिकिला यांचें नांव हटकून निघतें. १९६० सालीं रोम येथें त्यांनीं अनवाणी पायांनीं मॅरेथॉन २ तास १५ मिनिटें १६ सेकंदांत जिंकली. मात्र १९६४ सालीं टोकियोस तेच बिकिला जोडे घालून धावले आणि २ तास १२ मिनिटें ११ सेकंदांत पुनः पहिले आले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. आपल्याकडेहि १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धावतांना सर दोराबजी टाटा यांनीं पाहिलीं. त्यांच्याच पुढाकारानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले, व बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. साठी उलटलेल्या लता करे बारामतीस पतीच्या औषधोपचारासाठीं नऊवारी नेसून अनवाणी धावल्या. त्यांच्या जीवनावर २०२० सालीं चित्रपटहि निघाला. एकाची हौस ती दुसऱ्याची निकड असते, हें पातळ जोड्याची किंमत मोजतांना आपण विसरूं नये.

आतां धोक्याची बाजू. चवड्यावर उतरलें कीं गुडघ्यावरचा भार कांहींसा कमी होतो, पण तो नाहींसा होत नाहीं. पोटरीवर, टाचेच्या शिरेवर आणि चवड्याच्या बारीक हाडांवर जातो. २०१३ सालीं अमेरिकेंत ३६ धावपटूंवर दहा आठवड्यांचा एक प्रयोग झाला. पातळ जोड्यांकडे वळलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक जणांच्या पायांच्या हाडांत, दुखापतीची पूर्वखूण म्हणतात ती सूज वाढलेली आढळली. बोटाबोटांचे जोडे करणाऱ्या व्हायब्रॅम कंपनीवर तर तिच्या जाहिरातींतील आरोग्यविषयक दाव्यांबद्दल खटला झाला, आणि २०१४ सालीं आरोप मान्य न करतां तिनें साडेसदतीस लाख डॉलरांवर तडजोड केली.

मग हे जोडे टाकाऊ समजावे काय? मला तसें वाटत नाहीं. इयत्ता गाळून मुलाला वरच्या वर्गांत बसविलें, तर तें नापास होतें. त्यांत पुस्तकाचा दोष नसतो. मीं बासष्टाव्या वर्षीं असे जोडे घेतले, तेव्हां पहिला महिना त्यांत नुसता चाललों. दुसऱ्या महिन्यांत मातीच्या मैदानावर एक मिनिट धावावें, दोन मिनिटें चालावें, असा क्रम ठेवला. दुसऱ्या दिवशीं पोटरी दुखली, तर त्या दिवशीं सुट्टी. आठ महिन्यांनीं वीस मिनिटें सलग धावूं लागलों. पावलें आंखूड पडूं लागलीं, आणि पाय आपटल्याचा आवाज जवळजवळ थांबला. माझ्या वयास एवढें पुष्कळ झालें.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं जुने जोडे एकदम टाकून देऊं नयेत. पावलाच्या वरच्या बाजूस एकाच जागीं हाड दुखूं लागल्यास धावणें बंद करून डॉक्टरांस पाय दाखवावा. मधुमेहामुळें ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनीं या वाटेस जाऊंच नये. त्यांना खडा बोंचल्याचें कळत नाहीं, आणि लहानशी जखम पायावर बेतते. मुलांचे जोडे घेतांना मात्र पुढें बोटांस ऐसपैस जागा आहे ना, व तळ सहज वांकतो ना, एवढें अवश्य पहावें, आणि घरांत त्यांना खुशाल अनवाणी हिंडूं द्यावें.

जोडा जाड असो वा पातळ, धावतात ते पाय. त्यांना बळ यावयास पैशांपेक्षां वेळ अधिक लागतो. तो देण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेंच या फंदांत पडावें.