थंड कॉफीचा पेला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांत उभी राहिले की माझे हातपाय थरथरतात. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "वैनी, तुमची ती थंड कॉफी कशी करायची तेवढे सांगा, म्हणजे झाले." स्वयंपाकघरातले सांगायचे म्हणून मी हो म्हटले. कॉफीबरोबर घरातली एक गोष्टही सांगणार आहे. ती लांबली तर अध्यक्षबाईंनी घंटी वाजवावी.

आपल्या ढोकीत चहाला तोटा नाही. कारखान्याचा गाव, साखर कोणाच्या घरात कमी पडल्याचे मला तरी आठवत नाही. कॉफी मात्र आमच्या लहानपणी औषधासारखी होती. कोणी आजारी पडले किंवा परीक्षेसाठी जागायचे असले तरच दुधात कॉफी उकळायची, वर जायफळ उगाळायचे. आमच्या आत्याबाई अजूनही कॉफी म्हटले की विचारतात, "कोणाला बरे नाही गं?"

ही कॉफी आपल्याकडे फार लांबून आली. बाबा बुडन नावाच्या फकिराने सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. पुढे १९९६ साली बंगळुरूला कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले. २०१२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या स्टारबक्सने मुंबईत पहिले दुकान उघडले. आता पुण्यात अशी दुकाने जागोजागी दिसतात.

गेल्या वैशाखात मी अशा एका दुकानात गेले. माझी थोरली मुलगी पुण्याला परिचारिकेचे शिक्षण घेते. तिला भेटायला मी एस.टी.ने गेले होते. तिच्या वसतिगृहात पाहुण्याला बसायची सोय नव्हती. ऊन तर मी म्हणत होते. ती म्हणाली, "आई, चल, तुला थंड कॉफी पाजते." आत गारवा, मऊ खुर्च्या. उंच पेल्यात कॉफी आली, वर फेसाचा डोंगर, त्यावर चॉकलेटची रेघ. दोन पेल्यांचे पाचशेच्या वर झाले. पैसे तिने दिले, आपल्या खर्चातून वाचवलेले. खरे सांगते, मला घोट गिळेना. आमच्या दोन गाई आहेत, त्यांचे दूध डेअरीला जाते. २०२४ साली सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले तेव्हा आम्हाला केवढे बरे वाटले होते! आणि इथे पाव लिटर दुधाचे अडीचशे! मी हिशेबच करीत बसले.

पण त्या टेबलाशी आम्ही दोन तास बसलो. कोणी उठा म्हणाले नाही, आणि त्या दोन तासांत मुलगी माझ्याशी बोलली. त्या दिवसांत तिला एक स्थळ आले होते. घर चांगले, शेती बागायती. त्यांचे म्हणणे, लग्न आधी उरकू, शिक्षणाचे मग बघू. मुलगी फोनवर नुसती "बघू" म्हणायची. आम्ही तो होकार धरून चाललो होतो. त्या दिवशी ती म्हणाली, "आई, मग बघू म्हणजे बंद, हे तुला माहीत आहे. तूच सांगतेस ना, सातवीनंतर तुलाही मग बघू म्हटले होते." मी काही बोलले नाही. पेल्यातला बर्फ काडीने ढवळीत राहिले.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच. ही कॉफी घरी करायची. म्हणजे पोर सुट्टीत आली की तिला तिथे पैसे घालायला नकोत, आणि माझ्याशी घरीच बोलेल. असे मला वाटले.

पहिल्या खेपेला कॉफी पाणचट झाली. बर्फ घातला, तो वितळला, दुधाची चव गेली. दुसऱ्या खेपेला सायीची फोतरे तोंडात आली. तिसऱ्या खेपेला कॉफी उकळत्या पाण्यात टाकली, ती कडू झाली. आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्या दुधाचे दही लागले असते." पण चुकत चुकत जमले. आता कृती सांगते. पेन असेल तिने लिहून घ्यावी.

दोन पेल्यांना पाऊण शेर नको, ४०० मिलिलिटर दूध पुरते. दूध तापवून, निववून चार तास फ्रीजमध्ये ठेवावे आणि साय गाळून घ्यावी. त्यातलेच वाटीभर दूध बर्फाच्या साच्यात घालून आदल्या रात्री गोठवावे. हे मुख्य. पाण्याच्या बर्फाऐवजी दुधाचा बर्फ घातला की कॉफी शेवटच्या घोटापर्यंत पातळ होत नाही. मग वाटीत दोन चहाचे चमचे झटपट विरघळणारी कॉफी, चार चमचे साखर आणि दोन-तीन चमचे कोमट पाणी घेऊन घोटावे. पाच-सात मिनिटांत काळा रंग जाऊन बदामी फेस येतो. २०२० च्या टाळेबंदीत कोरियातून 'डालगोना' नावाने हीच फेटलेली कॉफी जगभर गाजली. ते तिकडच्या एका साखरेच्या मिठाईचे नाव. पण आपल्याकडे कित्येक घरांत ती आधीपासून घोटीत होते. दळलेली, गाळायची कॉफी मात्र अशी फुलत नाही. त्यासाठी विरघळणारीच पाहिजे.

हा फेस दोन चमचे बाजूला ठेवून बाकीचा दूध आणि दुधाचा बर्फ यांत घालून मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवावा. वीज नसेल तर उंच भांड्यात रवीने घुसळावे. ताक करणाऱ्या हाताला हे अवघड नाही. फ्रीज नसेल तिने दुधाचा घट्ट झाकणाचा डबा माठातल्या पाण्यात ठेवावा. तेवढा थंडावा येणार नाही, पण चव येते. पेल्यात ओतून वर राखलेला फेस सोडावा. दोन पेल्यांना खर्च चाळीस रुपयांच्या आत.

पुडी घेताना मागची बारीक अक्षरे वाचा. काही कॉफीत चिकोरी असते. ती एक मुळी, भाजून दळलेली. तिने रंग दाट येतो. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पुडीवर छापावे लागते. चिकोरी वाईट नाही, पण कॉफीचे पैसे देऊन काय घेतो ते कळलेले बरे. आणि साखर आपल्या हातात राहते. आमच्या आत्याबाईंना साखरेचा विकार आहे. त्यांच्या पेल्यात साखर अजिबात नाही. त्यांनी स्वतःच वर जायफळ उगाळून घातले आणि म्हणाल्या, "आता लागली कॉफीसारखी." मीही आता घालते.

अशीच पुण्याची मस्तानी करता येते. आपल्या मराठवाड्यातल्या केशर आंब्याचा रस आणि दूध दोन्ही गार करून घुसळायचे, वर आइस्क्रीमचा गोळा. मुंबईकडचे पियुष तर आणखी सोपे. वाटीभर श्रीखंड, दोन वाट्या गोडसर ताक, वेलदोडा, जायफळ, की झाले.

आता राहिलेली गोष्ट सांगते. दिवाळीला मुलगी आली. मी कॉफी केली. ती म्हणाली, "आई, दुकानापेक्षा सरस!" मला धन्य वाटले. पण ती बोलेना. बोलणार कशी? तिने तोंड उघडले की कुकरची शिट्टी, मग दारात दूधवाला, मग हे विचारणार, "माझा टॉवेल कुठे?" कॉफी दुकानासारखी झाली होती, पण बसायला जागा कुठे होती? आपल्या घरात बाईला बसायची जागा चुलीपाशी, आणि तिथे बसून कोणाचे ऐकता येत नाही.

आत्याबाई बघत होत्या. त्यांनीच माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणाल्या, "जा दोघी गच्चीवर. भाजी मी बघते." आम्ही पेले घेऊन वर गेलो. तासभर बसलो. त्या रात्री मी ह्यांना सांगितले, शिक्षण पुरे होईपर्यंत लग्न नाही. हे आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. स्थळवाल्यांनी दुसरीकडे जमवले. गावात चार तोंडांनी चार बोलणी झाली, ती आपल्यातल्याही काही जणींच्या कानी असतील. पण मुलीचे शिक्षण चालू आहे. तिचे अजून एक वर्ष राहिले आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुरुषांना पार आहे, स्टँडवरची हॉटेले आहेत. एक चहा घेऊन ते दोन तास बसतात आणि कोणी काही म्हणत नाही. आपण आधी पाण्याला जायचो, तेव्हा तिथे चार शब्द व्हायचे. घरात नळ आले, फार चांगले झाले, पण ते बोलणे बंद पडले. तर महिन्यातून एक शनिवार दुपारी मंडळाच्या खोलीत आपण जमू. प्रत्येकीने वीस रुपये आणावेत. कॉफी मी करीन, मस्तानी आंब्याच्या दिवसांत कोणीतरी करावी. येताना सुनेने सासूला आणावे, आईने मुलीला आणावे. त्या दिवशी भाषण नको, भिशीही नको. नुसते बसायचे. ज्यांची परवानगी घरून सहज मिळणार नाही, त्यांनी पाककृतीचा वर्ग आहे असे सांगावे. ते खोटेही होणार नाही, कारण कृती मी सांगणारच आहे.

माझ्या बोलण्यात चूकभूल झाली असेल तर पदरात घ्यावी. बाहेर पातेल्यात पन्नास पेल्यांची कॉफी तयार आहे. बर्फ वितळायच्या आत मी आपली रजा घेते.